मधला पेड

रेशमाला पीळ देताना मला कोणी बोललेलं खपत नाही. गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक आहे. मी पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसले की चहावालासुद्धा पेला उंबऱ्यावर ठेवून मुकाट्याने निघून जातो. तफीदाला मात्र टेलिफोन खात्यात जन्मभर बोलायचाच पगार मिळाला होता. ती आली, समोरच्या बुटक्या स्टुलावर बसली आणि माझा पीळ पुरा व्हायच्या आत तिने एक रुमाल सोडून माझ्या मांडीवर पसरला.

"ओळखतेस का हे, अतियात?"

मी ओळखलं. दोरा अंगठ्यावरून सुटला, सगळा पीळ उलगडला, तरी मी तिला एक शब्द बोलले नाही. यावरूनच काय ते समजा.

रुमालात अर्धा सफा होता. सफा हे आमच्या आज्या-पणज्यांचं केसांतलं लेणं. काळ्या रेशमी गोफाचे पेड, त्यांवर बोटाबोटाच्या अंतराने कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ सोन्याच्या टिकल्या, आणि हे सगळे पेड वरून एका काळ्या पट्टीला ओवलेले. जितके पेड तितक्या बारीक वेण्या घालायच्या, पट्टी डोक्याला बांधायची आणि एकेका वेणीत एकेक पेड गुंफत न्यायचा. बाई चालली की पाठीवर टिकल्या वाजतात. आता कैरोत कोणी तो घालत नाही. मी पटवेकरी म्हणून बसते ती जपमाळेचे गोंडे आणि पडद्यांच्या दोऱ्या करत, आणि निकालाच्या मोसमात पदवीच्या टोपीचे झुपके.

हा सफा उम्म रिफातचा, म्हणजे तफीदाच्या आईचा. आमच्या धंद्यातल्या मोठ्या उस्तादाची ती मुलगी. माझे वडील त्याच उस्तादाच्या हाताखाली शिकले. ही मुलगी असून दुकानात बसायची, आणि डावखुरी, त्यामुळे तिचा टाका बाकीच्यांच्या उलट बाजूला झुकायचा. वडील आम्हाला तिचं काम दाखवून म्हणायचे, बघा, आरशात बघून घातल्यासारखा टाका आहे. तिचं काम कुठेही पडलेलं असो, मी दुरून सांगितलं असतं.

तफीदाचं म्हणणं असं, की तिची नात मय्यादा हिचं लग्न ठरलं आहे. त्यांच्या घरात मेंदीच्या दिवशी नवरीची आई सफा घालून नवरीपुढे नाचते, मगच मेंदीचं ताट फिरतं. मय्यादाची आई, म्हणजे तफीदाची एकुलती लेक, पोर चालायला लागायच्या आत वारली. पोरीला वाढवलं तफीदाने. तेव्हा सफा घालायचा मानही तिचाच.

"आता अर्धाच घालून नाचू का?" ती म्हणाली. "एकाच बाजूने वाजणारी म्हातारी? मला उरलेला अर्धा करून दे. असाच, हुबेहूब."

उरलेला अर्धा कुठे आहे हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि आमच्या गल्लीतल्या मांजरांनाही माहीत होतं. तो तिच्या थोरल्या बहिणीकडे, इन्शिराहकडे होता. आई गेल्यावर चाळिसाव्याच्या दिवशी त्यांच्या आत्याने पट्टीच्या बरोबर मध्ये कात्री चालवली, दोन रुमाल बांधले आणि एकेकीच्या हातात दिले. दोघी आपापल्या घरी गेल्या आणि दोघींनी आपापले पेड मोजले. तफीदाचे नऊ भरले.

आता सफ्याचे पेड कायम विषम असतात. सम पेडांचा सफा कोणी ओवत नाही, कोणी घालत नाही. तो अंगावर चढवणं म्हणजे वाईट नजरेला घरात बोलावून जेवायला वाढणं. म्हणजे अख्खा सफा एकोणीस पेडांचा. आपल्याकडे नऊ आहेत, तर दहा ताईकडे. हिशोब सोपा होता. तफीदा विचारायला गेली, तर इन्शिराह म्हणाली, माझ्याकडेही नऊच आहेत, दहावा तूच ठेवला असशील. आईची माती अजून ओली आहे आणि तू तोंडावर खोटं बोलतेस, असं तफीदा तिला बोलली. त्याला तीस वर्षं होत आली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. तफीदाची लेक गेली तेव्हा इन्शिराह आली, दाराजवळच्या खुर्चीवर बसली आणि कॉफीच्या पेल्याला हात न लावता निघून गेली.

"एका पेडासाठी, तफीदा?" मी विचारलं.

"पेडासाठी नाही गं." एरवी तिचा आवाज दुसऱ्या गावाला ऐकू जाईल असा असतो, तो खाली आला. "ताईच्या लग्नात आईने हा घातला होता. अख्खी गल्ली तिच्यामागे नाचत होती. माझ्या लग्नात साधा रुमाल बांधून कोपऱ्यात बसली. मी हात धरून विनवलं, घटकाभर घाल म्हणून. तर म्हणाली, डोकं दुखतंय. जिवंत होती तेव्हा ताईच्या वाट्याला अख्खा, आणि गेल्यावरही ताईलाच एक जास्त."

मी म्हटलं, रिफातचं दुःख असेल. रिफात त्यांचा भाऊ. सदुसष्टच्या लढाईत सिनाईला गेला तो परत आला नाही. ना काही कळलं, ना माती मिळाली. तफीदाचं लग्न त्यानंतरचं. तरी आईला सगळे शेवटपर्यंत उम्म रिफात, रिफातची आई, असंच म्हणत राहिले.

"दुःख होतंच," तफीदा म्हणाली. "पण मी जिवंत होते ना?"

त्या एका वाक्यासाठीच बहुतेक मी काम घेतलं.

रेशीम मी वडिलांच्या जुन्या लडींमधलं काढलं. हल्लीचं रेशीम दिसतं छान आणि केसांत घातलं की घसरतं. ते काळं करायलाच आठवडा गेला, कारण जुनं काळं नुसतं काळं नसतं, उन्हात धरलं तर त्यात तपकिरी झाक दिसते, आणि ती येईपर्यंत मी पुन्हा पुन्हा बुडवत राहिले. टिकल्यांसाठी सराफकट्ट्यावर गिर्गिसकडे गेले. तो म्हणाला, यंत्रावर पाडून देतो, उद्या घेऊन जा. मी म्हटलं, यंत्राच्या टिकलीला कड असते, ती केसाला धरते, तुझ्या बायकोच्या डोक्यावर आधी घालून बघ. पितळेचा पत्रा घेऊन तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत हाताने कापायला बसला. मुलामा मात्र सुरेख दिला.

मग ओवायला घेतलं. शेजारच्या दोन पेडांतल्या टिकल्या समोरासमोर येऊन चालत नाही. तशा आल्या तर एकमेकींना चिकटून बसतात आणि वाजत नाहीत. एकीच्या फटीसमोर दुसरी यावी लागते. मी उम्म रिफातचा पेड डाव्या हाताला ठेवायचे, माझा उजव्या हाताला, आणि एक एक टिकली जुळवत खाली जायचे. वडील गेल्यानंतर असं काम मला मिळालं नव्हतं. मला फार बरं वाटत होतं, हे मी लपवणार नाही.

पण तिसरा पेड झाला आणि चौथ्याला हात घालताना मनात आलं, की मी हा अर्धा चांगला केला तर तफीदाला इन्शिराहची गरज कधीच पडणार नाही. अर्धा सफा आहे तोवर दोघींमधल्या भिंतीत निदान एक भोक तरी आहे. ते मीच बुजवत होते, आणि तेही माझ्या वडिलांच्या रेशमाने. दोघींची वयं काही थांबणार नव्हती. त्या दिवशी मी लवकर दुकान बंद केलं आणि घरी नवऱ्यावर विनाकारण ओरडले.

नऊ पेड झाले तेव्हा तफीदा मय्यादाला घेऊन आली. पोरगी हसरी, केस दाट. आम्ही तिच्या उजव्या बाजूला जुना अर्धा बांधला, डाव्या बाजूला नवा, आणि तिला गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायला सांगितलं. उजव्या बाजूच्या टिकल्या तोंड बाहेर करून चमकत होत्या. डाव्या बाजूच्या सगळ्या मानेकडे वळून पाठ दाखवत होत्या. आवाजही एकाच बाजूने.

"तेता," मय्यादा आजीला म्हणाली, "डावी बाजू रुसलीये."

कारण माझ्या लक्षात आलं आणि मी स्वतःवरच चिडले. मी जुन्या अर्ध्याची हुबेहूब नक्कल केली होती, आणि तीच चूक होती. जुना अर्धा उजवीकडचा, त्याच्या गोफाला उजवा पीळ. डावीकडच्या गोफाला उलटा पीळ हवा, तरच टिकल्या बाहेर वळतात. आमच्या धंद्यात हे पोराटोरांना कळतं. पण गोंडे आणि झुपके करताना इतक्या वर्षांत मला उलटा पीळ कधी लागलाच नव्हता.

पीळ उलटा करणं मला येत होतं. किती घट्ट करायचा, कुठून सैल सोडायचा हे अंदाजाने ठरवलं असतं तर पंधरा आणे जमलं असतं. पण मी तफीदाला म्हटलं, दुसरा अर्धा बघितल्याशिवाय हे होणार नाही. ते खोटं नव्हतं. एक आणा खरं होतं.

तफीदाचा चेहरा उतरला. मय्यादा म्हणाली, इन्शिराह तेताला मोबाइलवर फोटो पाठवायला सांगू या का?

"तिच्याकडे मोबाइल नाही," तफीदा म्हणाली. "तिच्याकडे तोंड आहे, तेवढं पुरतं. अतियात, तूच जा. माझं नाव काढू नकोस."

"मग काय सांगू? अर्धा सफा रस्त्यात सापडला?"

जुना अर्धा तिने माझ्याकडेच राहू दिला. मी तो पिशवीत घालून शुब्राला इन्शिराहकडे गेले.

इन्शिराह तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. हज करून आल्यापासून सगळे तिला हाज्जा म्हणतात. दार उघडलं आणि मी क्षणभर दचकले, कारण म्हातारपणी ती थेट उम्म रिफातसारखी दिसायला लागली आहे, तीच उंची, तीच ताठ मान. ती द्राक्षाच्या पानांत भात भरत होती. मला बसवलं, चहा दिला, माझ्या मुलांची एकेकाची चौकशी केली आणि मग म्हणाली, "तफीदाने पाठवलं ना तुला?"

मी सगळं सांगितलं. मय्यादाचं लग्न, मेंदी, रुसलेली डावी बाजू. ऐकताना तिचे हात पानं गुंडाळत होते, एकसुद्धा पान फाटलं नाही. शेवटी ती म्हणाली, बघायचं तर इथे बसून बघ, घराबाहेर जाणार नाही. आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला आणि माझ्यापुढे ठेवला.

डावा पीळच होता. मी पिळाचं माप घेतलं, सैल कुठे सोडलाय ते बघितलं, आणि सवयीने पेड मोजले. मग पुन्हा मोजले.

"झालं मोजून?" इन्शिराह म्हणाली. "नऊ. तीस वर्षं मी नऊच सांगतेय. दहावा तिच्याकडे."

"हाज्जा, तिच्याकडेही नऊच आहेत."

"तुला नऊ दाखवले."

आता मला राग आला. मी म्हटलं, तिच्या पट्टीचा टाका न् टाका मी महिनाभर डोळ्यांखालून घातलाय. नऊच गाठी आहेत, दहावी कधी नव्हतीच.

"म्हणजे अठरा? आई सम पेडांचा सफा घरात ठेवेल?"

"नाही ठेवणार. तेच माझ्या डोक्यात शिरत नाहीये."

मी पिशवीतून तफीदाचा अर्धा काढला. इन्शिराहने पानांचं भांडं बाजूला सरकवलं. मी दोन्ही पट्ट्या टेबलावर कापलेल्या कडेला कड लावून ठेवल्या. तफीदाच्या पट्टीच्या कडेला थोडी टीप होती. ती मी रोज बघत होते आणि मला वाटायचं, कापल्यावर सुतं निघू नयेत म्हणून कोणीतरी घातली असेल. इन्शिराहच्या पट्टीलाही तशीच टीप होती. दोन्ही जवळ आल्या आणि ती एकच टीप झाली. कात्री तिच्यामधून गेली होती. दोरे कापलेले दिसत होते. म्हणजे टीप आधीची, कात्री नंतरची. आणि टाके उलट बाजूला झुकलेले होते.

टिपेखाली बरोबर एका पेडाची जागा होती. तिथली गाठ कोणी कापली नव्हती. ती सोडवली होती, एकही धागा न तोडता, आणि ती गाठ सोडवणं धंद्याबाहेरच्या माणसाचं काम नाही.

"हाज्जा," मी म्हटलं, "मधला पेड कात्री लागायच्या आधीच काढलेला होता. हा तुमच्या आईचा हात आहे."

इन्शिराहने हात पुसले आणि टिपेवरून बोट फिरवलं. आईचा टाका तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा.

"ही कच्ची टीप आहे," ती म्हणाली. "आई कच्चं काम करायची नाही."

"पुन्हा उसवायची असते तेव्हा आम्ही कच्ची घालतो."

चहा निवला. मग ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"रिफात निघाला त्या सकाळी आईने त्याच्या दंडाला ताईत बांधला. काळ्या कापडात शिवलेला. मी त्याला मिठी मारली तेव्हा काहीतरी वाजलं. मी म्हटलं, आई, कुराणातली आयत लिहिलेला कागद कधी वाजतो का? तर म्हणाली, तुझ्या बांगड्या असतील." तिने दोन्ही मनगटं टेबलावर ठेवली. "त्या दिवशी माझ्या हातात बांगड्या नव्हत्या."

मला रडू आलं. तिला नाही आलं. रिफात परत येईल, दंडाचा ताईत सोडेल, आई त्यात शिवलेला पेड पुन्हा ओवेल, एवढ्यासाठी ती जागा कच्च्या दोऱ्याने धरून ठेवली होती. दुसरा पेड करून ओवणं उम्म रिफातच्या डाव्या हातचा मळ होता. पण दुसरा ओवायचा म्हणजे तो येणार नाही असं आपल्या हाताने म्हणायचं. तिने ते म्हटलं नाही, कोणाला सांगितलं नाही, आणि तिच्यामागे दोन मुली नऊ-नऊ पेड घेऊन एकमेकींना चोर म्हणत बसल्या.

मी निघाले तेव्हा इन्शिराहने आपला अर्धा माझ्या पिशवीत घातला.

"घराबाहेर जाणार नव्हता ना?" मी म्हटलं.

"जास्त बोलू नकोस. मेंदी कधी आहे?"

"गुरुवारी."

"तिच्या वेण्या कोण घालणार?"

"मीच."

"तुला काय येतंय," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तफीदाला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, ताईताचंसुद्धा. दोन्ही पट्ट्या जोडून दाखवल्या. तिने त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि काही न बोलता घरी गेली. तफीदा काही न बोलता गेली, यावर गल्लीतल्या कोणाचा विश्वास बसला नाही.

मी दोन्ही अर्धे जोडले. पट्टीखाली नवं अस्तर लावलं, कुजलेली सुतं बदलली, मधली जागा उघडी ठेवली. गिर्गिसच्या टिकल्या लावून मधला पेडही तयार केला. तो मध्येच सरळ लोंबायला हवा, म्हणून त्यात एक दोर उजव्या पिळाचा घातला आणि एक डाव्या. मी केलेले रुसके नऊ पेड मय्यादाने पळवले. ती म्हणाली, ही नक्कल माझ्या मुलीला.

गुरुवारी दुपारी मी तफीदाच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत बायका जमायला लागल्या होत्या, पोरी डफ बडवून बघत होत्या. आतल्या खोलीत तफीदा केस सोडून आरशापुढे बसली होती. मी पट्टी तिच्या मांडीवर ठेवली, मधला पेड आणि सुई हातात घेतली.

"थांब," ती म्हणाली. "ओवू नकोस."

"अगं, मग अठराच राहतात. घालणार कसा?"

"ते कळतंय मला. पण जे आईने नाही ओवलं ते मी कशी ओवू?"

बाहेर डफ चालू होते. मय्यादा दोनदा डोकावून गेली. मी सुई हातात घेऊन तशीच उभी राहिले. सफा वाया गेला तर जाऊ दे, पण तफीदा साधा रुमाल बांधून त्या पोरीपुढे जाऊन बसेल, जशी तिची आई बसली होती, एवढंच मला दिसत होतं.

तेवढ्यात बाहेरची कुजबुज एकदम थांबली. दार उघडून इन्शिराह आत आली. तिने भरलेल्या पानांचं पातेलं खाली ठेवलं, आरशापुढची फणी उचलली आणि बहिणीच्या मागे उभी राहिली.

"मान सरळ," ती म्हणाली. मग तफीदाचे केस हातात धरून बघितले. "केस कुठे आहेत गं? एकोणीस वेण्यांना केस कुठून आणू मी?"

तफीदा आरशात तिच्याकडे बघत राहिली. "तुझे दे," ती म्हणाली.

तीस वर्षांनी तिने ताईशी बोललेलं पहिलं वाक्य हे. इन्शिराह फणी फिरवायला लागली. पांढरे विरळ केस ती एकेक करून वेगळे करत होती, आणि केस विंचरताना सांगावं तसं सांगत होती.

"तुझ्या लग्नाच्या दुपारी मी आईला बोलवायला गेले होते. ती पेटीपाशी बसली होती. सफा मांडीवर, आणि पेड मोजत होती. एकदा मोजून झाले की पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, सोनं मोजतेय. मी मनात म्हटलं, आज तरी सोन्याचा नाद सोड की. मग तिने तो पेटीत ठेवला आणि डोक्याला रुमाल बांधला."

तफीदाचे खांदे हलायला लागले. तिने तोंडावर हात ठेवला.

"मोजत होती?"

"मोजत होती. तुझ्यासाठीच काढला होता तिने."

"मला सांगायचं होतं तिने, ताई."

"काय सांगणार होती? घालते म्हटलं असतं तर एक ओवावा लागला असता."

तफीदा खूप रडली. इन्शिराहने तिला रडू दिलं, फक्त मान हलली की एक हलकी चापट मारून सरळ करायची. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. खाली कोणीतरी टेम्पोतून खुर्च्या उतरवत होतं.

मग तफीदाने डोळे पुसले, माझ्या हातातला मधला पेड घेतला, बोटांवरून फिरवला आणि परत माझ्याकडे दिला.

"ओव," ती म्हणाली.

मी पट्टी घेतली, जागेवर पेड धरला आणि आमची ठरलेली पक्की गाठ मारायला सुई घातली. तफीदाने माझं मनगट धरलं.

"पक्की नको, अतियात. कच्चीच टीप घाल."

मी इन्शिराहकडे बघितलं. तिने मान हलवली. मग मी कच्ची टीप घातली, उद्या हवी तर एका झटक्यात उसवावी अशी. जन्मात पहिल्यांदा मी मुद्दाम कच्चं काम केलं आणि माझी नजर पुन्हा पुन्हा धूसर होत होती.

इन्शिराहने वेण्या घातल्या, उंदराच्या शेपटीएवढ्या, पण घातल्या. तफीदा उठली, दार उघडलं आणि नाचायला बाहेर गेली. टिकल्या दोन्ही बाजूंनी वाजत होत्या. इन्शिराह तिच्या मागून गेली, आणि मी पातेलं उचलून दोघींच्या मागे.